डीएनएस पुन्हा पुन्हा अडखळतो: बिघाड आहे की हल्ला, हे ट्रॅफिक बघून कसं ठरवायचं

तक्रार नेहमी एकाच सुरात येते. साइट उघडायला वेळ लागतो, मग उघडतच नाही, आणि थोड्या वेळाने आपोआप उघडते. कुणीतरी डीएनएस सर्व्हर (साइटच्या नावावरून तिचा आयपी पत्ता सांगणारा) रीस्टार्ट करतं, दहा मिनिटं बरी जातात आणि फोन पुन्हा वाजू लागतात. इंटरनेट लिंकचा आलेख मात्र सपाट असतो. त्यामुळे ‘हल्ला वगैरे काही नाही’ असं ठरतं, आणि शोध चुकीच्या दिशेला लागतो.

जरा हिशेब करून बघा. रिझॉल्व्हर म्हणजे आपल्या वतीने बाहेरच्या सर्व्हरांना विचारून उत्तर आणणारा डीएनएस सर्व्हर. बाइंड या रिझॉल्व्हरमध्ये एका वेळी किती रिकर्सिव्ह क्वेरी (बाहेर विचारून उत्तर आणावं लागणारे प्रश्न) ताटकळत ठेवायच्या याची मूळ मर्यादा १००० आहे. समोरचा सर्व्हर उत्तरच देत नसेल तर एक क्वेरी साधारण १० सेकंद जागा अडवून बसते. म्हणजे उत्तर न मिळणाऱ्या क्वेरी सेकंदाला फक्त १०० आल्या, तरी दहा सेकंदांत सगळ्या जागा भरतात. एक क्वेरी ८० बाइटची धरली तर हा भार होतो सेकंदाला ८ किलोबाइट. बँडविड्थच्या कुठल्याही आलेखात तो दिसणार नाही. म्हणून डीएनएसवरचा हल्ला ओळखताना ट्रॅफिक किती आलं हे दुय्यम. कोणती नावं विचारली गेली, कुणी विचारली आणि काय उत्तर मिळालं, हे आधी बघायचं.

लक्षणं

खालीलपैकी कोणतं लक्षण आहे ते आधी नोंदवा, वेळेसकट. पुढच्या तपासण्यांचा क्रम त्यावर अवलंबून असतो.

- नावाने साइट उघडत नाही, पण आयपी पत्त्यावर पिंग व्यवस्थित जातो.
- प्रत्येक पान उघडताना सुरुवातीला नेमके ५ सेकंद काहीच होत नाही, मग सगळं झरझर येतं.
- रिझॉल्व्हरच्या लॉगमध्ये ‘नो मोअर रिकर्सिव्ह क्लायंट्स’ किंवा कर्नलच्या (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या) लॉगमध्ये कनेक्शन ट्रॅकिंगचं (फायरवॉल चालू जोडण्या नोंदवते ते) टेबल भरल्याचा संदेश येतो.
- एकाच डोमेनला सर्व्हफेल (‘उत्तर मिळवता आलं नाही’ असा कोड) येतो, बाकी सगळं ठीक.
- सर्व्हरकडून बाहेर जाणारं ट्रॅफिक आत येणाऱ्याच्या कितीतरी पट दिसतं. कधी बाहेरच्या कुणाचा मेल येतो की तुमचा सर्व्हर आमच्यावर हल्ला करतोय.
- काही जणांनाच चुकीचं पान किंवा सर्टिफिकेटचा इशारा दिसतो, इतरांना नाही.
- कुणी काम करत नसतानाही एका मशीनकडून डीएनएस क्वेरींचा संथ, अखंड प्रवाह चालू असतो.

एक गोष्ट आत्ताच: पुरावा घेतल्याशिवाय रीस्टार्ट करू नका. रीस्टार्टने बरं वाटतं ते ताटकळलेली रांग रिकामी होते म्हणून. पण त्याच वेळी कॅशेही (आधी मिळालेल्या उत्तरांचा साठा) रिकामी होते, त्यामुळे आधी जी उत्तरं घरातच मिळत होती त्यांच्यासाठीही रिझॉल्व्हरला बाहेर जावं लागतं. हल्ला चालू असेल तर रांग पुन्हा भरली की हाल आधीपेक्षा वाईट होतात, आणि कोणती नावं अडकली होती ते कायमचं जातं.

एक पैसाही न लागणाऱ्या तपासण्या

सुरुवात डिगने, म्हणजे डीएनएसला हाताने प्रश्न विचारणाऱ्या आज्ञेने. एकच नाव तीन ठिकाणी विचारा: आपल्या रिझॉल्व्हरला, बाहेरच्या एखाद्या सार्वजनिक रिझॉल्व्हरला, आणि त्या डोमेनच्या ऑथोरिटेटिव्ह (मूळ नोंदी ठेवणाऱ्या) सर्व्हरला थेट. उत्तरात स्टेटस, लागलेला वेळ आणि तळाशी असलेली सर्व्हरची ओळ वाचा. ती शेवटची ओळ अनेक जण वगळतात, पण उत्तर खरोखर कुणी दिलं ते तीच सांगते. आपण समजतो तो रिझॉल्व्हर आणि मशीन वापरतंय तो रिझॉल्व्हर वेगळे निघाले, तर ‘काहींनाच चुकीचं पान दिसतं’ याचं कोडं तिथेच सुटतं. राउटरमधली डीएनएसची नोंद कुणी बदलली आहे का, किंवा नेटवर्कवर दुसराच एखादा डीएचसीपी सर्व्हर पत्ते वाटतोय का, ते बघा. डीएचसीपीच्या ऑफरमध्ये पर्याय क्रमांक ६ हा डीएनएसचा पत्ता असतो. तो तुमचा नसेल, तर ऑफर ज्या मॅक पत्त्यावरून (नेटवर्क कार्डाच्या क्रमांकावरून) आली ते यंत्र शोधा.

नेमके ५ सेकंद लागत असतील तर हल्ल्याचा विचार बाजूला ठेवा. लिनक्सच्या रिझॉल्व्हर सेटिंगमध्ये मूळ टाइमआउट ५ सेकंदांचा असतो. यादीतला पहिला सर्व्हर बंद आहे आणि दुसरा उत्तर देतोय, बहुधा इतकाच त्याचा अर्थ. यादी दुरुस्त करा, काम झालं.

सर्व्हफेल येत असेल तर तीच क्वेरी डिगमध्ये सीडी फ्लॅग लावून पुन्हा विचारा. हा फ्लॅग डीएनएसएसईसीची (उत्तर खरं असल्याच्या डिजिटल सहीची) पडताळणी थांबवतो. फ्लॅग लावल्यावर उत्तर आलं तर अडचण सहीमध्ये आहे: एक तर त्या डोमेनवाल्याची सही कालबाह्य झाली आहे, किंवा तुमच्या सर्व्हरचं घड्याळ चुकलं आहे. डीएनएसएसईसीच्या सहीला सुरुवातीची आणि शेवटची वेळ असते, त्यामुळे घड्याळ बरंच भरकटलं की सही असलेली सगळीच डोमेन एकदम पडतात. बाहेरून ते अगदी हल्ल्यासारखं दिसतं.

मग कर्नलचा लॉग. रिझॉल्व्हर ज्या मशीनवर आहे त्यावर स्टेटफुल (प्रत्येक जोडणीची नोंद ठेवणारी) फायरवॉल असेल तर प्रत्येक यूडीपी (आधी जोडणी न करता पाठवलेल्या) क्वेरीची एक नोंद तयार होते आणि उत्तर आल्यानंतरही काही काळ तशीच राहते. गर्दीच्या वेळी हे टेबल भरतं आणि कर्नल पाकिटं टाकून देतो. रिझॉल्व्हर रिकामा बसलेला असतो आणि क्लायंट ओरडत असतात. पोर्ट ५३ च्या ट्रॅफिकला ट्रॅकिंगमधून वगळा. वगळताना येणारं आणि जाणारं अशा दोन्ही दिशांचे नियम हाताने लिहावे लागतात, नाहीतर उत्तरंच अडतील.

शेवटची फुकट तपासणी सगळ्यात जास्त राहून जाणारी आहे. तुमचा रिझॉल्व्हर बाहेरच्या जगाला उत्तर देतोय का? मोबाइल डेटावरून, म्हणजे नेटवर्कच्या बाहेरून, त्याच्या सार्वजनिक आयपीला एखादं परकं नाव विचारा. रिफ्यूज्ड आलं किंवा काहीच आलं नाही तर ठीक. उत्तर आलं तर तो ओपन रिझॉल्व्हर आहे, आणि पुढचं काही शोधण्याआधी हे भोक बुजवा: रिकर्शन फक्त आपल्या आयपी श्रेणींपुरतं ठेवा. हीच परीक्षा शाखांमधल्या आणि घरोघरच्या छोट्या राउटरांचीही घ्या. त्यांतले काही बाहेरच्या बाजूलाही पोर्ट ५३ वर ऐकत असतात आणि आलेली क्वेरी मुकाट्याने तुमच्या रिझॉल्व्हरकडे ढकलतात. तुमच्या लॉगमध्ये मग आपलाच भरवशाचा ग्राहक दिसतो, खरा विचारणारा कुठल्या कुठे असतो.

कॅप्चर करण्याआधी रिझॉल्व्हरलाच विचारा

पाकिटं पकडणं हे मेहनतीचं काम. त्याआधी रिझॉल्व्हरकडे जी माहिती तयार आहे ती घ्या. बाइंडमध्ये आरएनडीसी या नियंत्रण साधनाची रिकर्सिंग ही आज्ञा त्या क्षणी ताटकळलेल्या सगळ्या क्वेरी एका फाइलमध्ये लिहून देते. अनबाउंड या दुसऱ्या रिझॉल्व्हरमध्ये अनबाउंड-कंट्रोलची डम्प रिक्वेस्टलिस्ट तेच काम करते, मात्र ती फक्त पहिल्या थ्रेडची यादी दाखवते हे लक्षात असू द्या. तक्रार चालू असतानाच ही फाइल काढा. हजारभर ओळींमधल्या नऊशे एकाच डोमेनखालच्या असतील तर निदान जवळपास झालं.

सोबत आकडेवारीही घ्या: सेकंदाला क्वेरी किती, त्यात नोएरर (सगळं ठीक), एनएक्सडोमेन (असं नावच नाही) आणि सर्व्हफेल यांचं प्रमाण काय, कॅशेमधून किती उत्तरं गेली. हे आकडे एकटे काही बोलत नाहीत. मागच्या आठवड्यातल्या त्याच वारी, त्याच वेळी काय होते त्याशेजारी ठेवले की बोलतात. ‘एनएक्सडोमेन अमुक टक्क्यांवर गेलं म्हणजे हल्ला’ असा सरसकट आकडा सांगणाऱ्यांवर विसंबू नका. जिथे मेल सर्व्हर आहे तिथे निम्मी उत्तरं एनएक्सडोमेन असू शकतात आणि सगळं निरोगी असतं. मेल सर्व्हर प्रत्येक पाठवणाऱ्याचा आयपी उलटा करून काळ्या यादीत विचारतो, आणि यादीत नाव नाही हे त्याला एनएक्सडोमेन याच उत्तरातून कळतं.

कॅप्चर: कुठे, किती वेळ, आणि तीन खड्डे

कॅप्चरमध्ये लोकांनी कोणत्या साइटची नावं विचारली ते उघड दिसतं. त्यामुळे आधी लेखी परवानगी घ्या आणि फाइल कुणाच्या हाती जाईल ते ठरवा. यात ढिलाई नको.

रिझॉल्व्हरच्या दोन्ही बाजूंना पकडा: क्लायंटकडची बाजू आणि बाहेर जाणारी बाजू. निरोगी रिझॉल्व्हरमध्ये आत आलेल्या क्वेरींच्या तुलनेत बाहेर जाणाऱ्या कमी असतात, कारण बरंच काम कॅशे करते. हा फरक मिटत चालला, म्हणजे जवळपास प्रत्येक आतल्या क्वेरीसाठी बाहेर जावं लागतंय असं दिसलं, तर बहुधा कुणीतरी मुद्दाम कॅशेला चुकवणारी नावं विचारतंय.

टीसीपीडम्प या पाकिटं पकडणाऱ्या साधनाला फाइल फिरवण्याचे (जुनी पुसून नवी लिहिण्याचे) पर्याय द्या. १०० मेगाबाइटच्या २० फाइली ठेवल्या तर २ गिगाबाइटमध्ये भागतं आणि डिस्क भरत नाही. तक्रारीच्या आधीची दहा मिनिटं आणि नंतरची दहा मिनिटं हाताशी असली की पुरे. आता खड्डे.

पहिला: नावं शोधणं बंद करणारा ‘एन’ हा पर्याय विसरलात आणि निकाल पडद्यावर बघत बसलात, तर टीसीपीडम्प दिसणाऱ्या प्रत्येक आयपीचं नाव विचारायला स्वतःच डीएनएसकडे जातं. त्या उलट्या क्वेरी पुन्हा कॅप्चरमध्ये येतात आणि पीटीआर (आयपीवरून नाव विचारणाऱ्या) क्वेरींचा पूर आलाय असं वाटू लागतं.

दुसरा: फक्त ‘पोर्ट ५३’ हा फिल्टर लावला तर मोठ्या उत्तरांचे तुकडे सुटतात. यूडीपीचं शीर्ष, म्हणजेच पोर्ट क्रमांक, फक्त पहिल्या तुकड्यात असतो. पुढच्या तुकड्यांना पोर्टच नसतो. रिफ्लेक्शन हल्ल्यात (बळीचा पत्ता लावून प्रश्न विचारायचे, म्हणजे उत्तरं त्याच्यावर आदळतात) नेमकी मोठी उत्तरंच येतात, म्हणजे हल्ल्याचा मोठा भाग फिल्टरबाहेर राहतो. म्हणून आयपी तुकडेही पकडा.

तिसरा: मिरर पोर्टवर (स्विच ट्रॅफिकची प्रत देतो त्या पोर्टवर) व्हीलॅनचे (नेटवर्कच्या आभासी विभागांचे) टॅग लागलेले असतील तर साधा फिल्टर एकही पाकीट दाखवत नाही. फिल्टरमध्ये व्हीलॅन शब्द घालावा लागतो. रिकामं कॅप्चर बघून ‘ट्रॅफिकच नाही’ असं म्हणण्याआधी फिल्टर काढून एकदा दहा सेकंद बघा.

आणखी एक मर्यादा आहे. ब्राउझर डीएनएस क्वेरी एचटीटीपीएसवरून पाठवत असेल तर ती पोर्ट ४४३ वर जाते, टीएलएसवरून असेल तर ८५३ वर. दोन्हीकडे नाव झाकलेलं असतं. अशा मशीनबद्दल पोर्ट ५३ चं कॅप्चर गप्प राहील, आणि त्या गप्पपणाचा अर्थ ‘सगळं ठीक’ असा काढता येत नाही.

कॅप्चर वाचताना: यादृच्छिक नावांचा मारा

पुन्हा पुन्हा अडखळणाऱ्या रिझॉल्व्हरमध्ये हे कारण इतक्या वेळा निघतं की सुरुवात इथूनच करावी. वायरशार्क या पाकिटं वाचणाऱ्या साधनाच्या स्टॅटिस्टिक्स मेनूमधला डीएनएस हा तक्ता उघडा. उत्तरांचे कोड, क्वेरींचे प्रकार, नावांची लांबी हे सगळं एका जागी मिळतं. मग रिस्पॉन्स कोड ३, म्हणजे एनएक्सडोमेन, आणि कोड २, म्हणजे सर्व्हफेल, असा फिल्टर लावून नावं नुसती डोळ्यांखालून घाला. मारा चालू असेल तर चित्र असं दिसतं: ‘के७क्यूएमव्ही२’ डॉट एक्झाम्पल डॉट कॉम, ‘झेडपीटी९एलबी’ डॉट एक्झाम्पल डॉट कॉम, ‘एचडब्ल्यू४एक्सआर’ डॉट एक्झाम्पल डॉट कॉम. पुढचा तुकडा दर वेळी नवा, मागचं डोमेन तेच, आणि विचारणारे क्लायंट पन्नास-शंभर. प्रत्येक क्लायंट थोडंसंच विचारतो, म्हणून ‘जास्त क्वेरी करणारे पहिले दहा’ या यादीत कुणीच ठळक दिसत नाही.

इथे तुम्ही मधले आहात. खरं लक्ष्य त्या डोमेनचे ऑथोरिटेटिव्ह सर्व्हर. ते आधी एनएक्सडोमेन देतात, मग दमतात आणि गप्प होतात. तो क्षण कॅप्चरमध्ये स्पष्ट दिसतो: एनएक्सडोमेन कमी होतात, त्याच डोमेनला सर्व्हफेल वाढतात आणि उत्तराचा वेळ काही मिलिसेकंदांवरून सेकंदांवर जातो. तिथून पुढे तुमच्या हजार जागा भरू लागतात आणि ज्या डोमेनचा याच्याशी काही संबंध नाही तीही उघडेनाशी होतात.

अशाच दिसणाऱ्या, पण हा मारा नसलेल्या चार गोष्टी ओळखून ठेवा, म्हणजे धावपळ वाचेल. डीजीए (आपोआप डोमेन नावं बनवण्याची पद्धत) वापरणाऱ्या मालवेअरची नावंही विचित्र असतात, पण तिथे एकच क्लायंट दर वेळी वेगळंच मूळ डोमेन विचारतो. (हे निरुपद्रवी नाही, पण तो सर्व्हरचा नाही, त्या मशीनचा प्रश्न आहे.) सर्च सफिक्समुळे प्रत्येक नावाला आपल्याच संस्थेचं डोमेन चिकटून एनएक्सडोमेन येतात, कुबरनेटिस या कंटेनर चालवणाऱ्या प्रणालीत एनडॉट्सचं (नावात किती टिंबं असली की ते पूर्ण मानायचं त्या सेटिंगचं) मूळ मूल्य ५ असल्याने हे फार दिसतं. क्रोमच्या जुन्या आवृत्त्या सुरू होताना मुद्दाम तीन बनावट नावं विचारायच्या, ती ७ ते १५ अक्षरांची आणि एकशब्दी असायची. आणि प्रकार क्रमांक ६५ च्या क्वेरी जुनी साधनं ‘अनोळखी’ म्हणून लाल रंगात दाखवतात. तो एचटीटीपीएस रेकॉर्ड आहे, २०२३ मध्ये आरएफसी ९४६० या इंटरनेट मानकाने प्रमाणित झालेला, आणि आजचे ब्राउझर तो सर्रास विचारतात.

मोजताना रीट्रायही वेगळे काढा. उत्तर न मिळालेला क्लायंट तोच प्रश्न पुन्हा विचारतो, रिझॉल्व्हरही वरच्या सर्व्हरला पुन्हा विचारतो. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी मिराई बॉटनेटने (ताब्यात घेतलेल्या यंत्रांच्या जाळ्याने) डाइन या डीएनएस कंपनीवर हल्ला केला, तेव्हा प्रामाणिक रिझॉल्व्हरांच्या अशा रीट्रायनीही भारात मोठी भर घातली होती. तोच आयडी, तोच पोर्ट, तेच नाव असेल तर ती एकच क्वेरी धरा.

उपाय: बाइंडमध्ये फेचेस-पर-झोन आणि फेचेस-पर-सर्व्हर (एका डोमेनसाठी आणि एका सर्व्हरकडे एका वेळी किती क्वेरी जाव्यात) या दोन मर्यादा मुळात बंद असतात. त्या चालू करा. झोनसाठी २०० पासून सुरुवात करून बघा आणि लॉगमध्ये कोणतं चांगलं डोमेन अडतंय का ते पाहत जा. अनबाउंडमध्ये रेटलिमिट हेच काम करते. रिकर्सिव्ह क्लायंटची मर्यादा १००० वरून १०,००० करणं हा लोकप्रिय उपाय आहे, पण त्याने भरायला थोडा जास्त वेळ लागतो इतकंच. अगदीच गळ्याशी आलं तर त्या डोमेनसाठी रिझॉल्व्हरवरच स्थानिक एनएक्सडोमेन लावा. त्या डोमेनची खरी साइटही तेवढा वेळ बंद होईल हे संबंधितांना सांगून लावा, आणि काढायची वेळ लिहून ठेवा. ज्या क्लायंटांकडून क्वेरी आल्या त्यांचे राउटर तपासल्याशिवाय मात्र हे प्रकरण मिटत नाही.

रिफ्लेक्शन: तुम्ही आरसा आहात की लक्ष्य?

आरसा असाल तर मोजकेच ‘क्लायंट’ तेच नाव, त्याच प्रकाराने, सेकंदाला शेकडो वेळा विचारताना दिसतील. प्रकार बहुधा एनी, टीएक्सटी किंवा डीएनएसकी, म्हणजे छोट्या प्रश्नाला मोठं उत्तर मिळेल असा. डीएनएसमधली ही वाढ साधारण २८ ते ५४ पट मोजली गेली आहे. खात्री करण्याची खूण: उत्तरात टीसी बिट लावून ‘टीसीपीवरून ये’ असं सांगितलं तरी तो क्लायंट कधीच टीसीपीवर येत नाही. येणार कसा? त्याने विचारलेलंच नसतं, पत्ता बनावट असतो.

म्हणूनच तो आयपी ‘हल्लेखोर’ म्हणून कळवू नका. तो बळी आहे. ऑथोरिटेटिव्ह सर्व्हरवर रिस्पॉन्स रेट लिमिटिंग (एकाच पत्त्याला जाणाऱ्या उत्तरांवर मर्यादा) चालू करा आणि स्लिप २ ठेवा. म्हणजे दाबलेल्या दर दोन उत्तरांमागे एक छोटं, टीसी लावलेलं उत्तर जातं आणि खरा क्लायंट टीसीपीवरून आत येऊ शकतो. ईडीएनएसचा आकार (यूडीपीवर किती मोठं उत्तर चालेल ती मर्यादा) १२३२ बाइटवर आणा. हा आकडा २०२० च्या डीएनएस फ्लॅग डेला सुचवला गेला आणि तुकडे होण्याचा प्रश्नही त्याने बराच सुटतो. एनीला आरएफसी ८४८२ प्रमाणे त्रोटक उत्तर द्या.

लक्ष्य असाल तर उलटं दिसेल: सोर्स पोर्ट ५३ वरून, हजारो वेगवेगळ्या सर्व्हरांकडून, न विचारलेली उत्तरं. वायरशार्क अशा उत्तरांवर ‘अनसॉलिसिटेड’ अशी खूण करतो. मात्र कॅप्चर मध्येच सुरू झालं असेल तर पहिल्या काही सेकंदांतली खरी उत्तरंही त्यात येतात, ती सोडून द्या.

टनेलिंग

विचारलेल्या नावातच डेटा भरून तो डीएनएसमधून बाहेर नेणाऱ्याला एक अडचण टाळता येत नाही: त्याला तेच नाव पुन्हा वापरता येत नाही, कारण दुसऱ्यांदा कॅशेच उत्तर देईल आणि क्वेरी त्याच्या सर्व्हरपर्यंत पोहोचणारच नाही. म्हणून एका डोमेनखाली किती वेगळी नावं विचारली गेली आणि त्यातली किती पुन्हा आली, हे प्रमाण काढा. टनेलमध्ये पुनरावृत्ती जवळपास शून्य.

दुसरा हिशेब आकाराचा. एक लेबल (नावातला दोन टिंबांमधला तुकडा) जास्तीत जास्त ६३ बाइटचं, पूर्ण नाव २५५ चं. बेस३२ मध्ये (डेटा अक्षरांत लिहिण्याची पद्धत) एका अक्षरात ५ बिट मावतात. डोमेनचा भाग वजा केला तर एका क्वेरीत फार तर १५० बाइट जातात, म्हणजे १ मेगाबाइट न्यायला सुमारे ७ हजार क्वेरी. एका मशीनने एका अनोळखी डोमेनला रात्रभरात काही हजार वेगळी, लांबलचक नावं विचारली आणि उत्तरं टीएक्सटी, नल किंवा सीनेमची असतील, तर प्रकरण गंभीर आहे.

एन्ट्रॉपी (नावातल्या अक्षरांची अनियमितता) मोजून थेट निकाल देणारी स्क्रिप्ट वापरत असाल तर सावध राहा. अँटिव्हायरस फाइलचा हॅश (तिच्यावरून काढलेला ओळख-क्रमांक) डीएनएसमधून तपासतात, सीडीएनची (साइटच्या प्रती ठिकठिकाणी ठेवणाऱ्या सेवांची) नावंही अशीच गिचमिड असतात. अशी डोमेन आधी ओळखून अपवादाच्या यादीत टाका, नाहीतर खरा इशारा त्यांच्या गर्दीत हरवेल.

विषारी कॅशे

रिझॉल्व्हरच्या कॅशेमध्ये खोटं उत्तर घुसवणं. हे क्वचित आढळतं आणि सिद्ध करायला अवघड असतं, म्हणून शेवटी. डीएनएसचा ट्रान्झॅक्शन आयडी (प्रश्न आणि उत्तराची जोडी जुळवणारा क्रमांक) १६ बिटांचा, म्हणजे शक्यता फक्त ६५,५३६. २००८ मध्ये डॅन कामिन्स्की यांनी दाखवलेल्या हल्ल्यानंतर सोर्स पोर्टही यादृच्छिक ठेवला जाऊ लागला. तेव्हा बाहेरच्या बाजूच्या कॅप्चरमधल्या ५० क्वेरींचे सोर्स पोर्ट बघा. सगळे ५३ असतील तर कॉन्फिगरेशनमध्ये पोर्ट बांधलेला आहे, ती ओळ काढा. ओळीने वाढत असतील तर मधला नॅट राउटर (आतला पत्ता आणि पोर्ट बदलून पाकीट बाहेर पाठवणारा) रिझॉल्व्हरने केलेली सरमिसळ पुसून टाकतोय. म्हणून कॅप्चर नॅटच्या बाहेरच्या बाजूला घ्या, आत सगळं छानच दिसेल.

अंदाजाने मारलेल्या बनावट उत्तरांची खूण म्हणजे एका क्वेरीला चुकीच्या आयडींच्या उत्तरांची सरबत्ती. वाटेत बसून उत्तर देणारा असेल तर आयडी बरोबर असतो, पण उत्तरं दोन येतात. समजा खरा सर्व्हर ४० मिलिसेकंदांवर आहे आणि पहिलं उत्तर ३ मिलिसेकंदांत आलं, दुसरं ४१ मध्ये, दोन्हींतले पत्ते वेगळे आणि आयपी शीर्षातला टीटीएलही (पाकीट आणखी किती टप्पे जाऊ शकतं तो आकडा) वेगळा. पहिलं उत्तर त्या सर्व्हरने दिलेलं नाही.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

लिंकच भरली असेल तर तुमच्या बाजूला करण्यासारखं काही उरत नाही. पाकीट तुमच्या फायरवॉलपर्यंत आलं तेव्हाच जागा खर्च झालेली असते. इंटरनेट पुरवठादाराच्या नेटवर्क विभागाला गाठा आणि वेळ टाइमझोनसह, लक्ष्य आयपी, सोर्स पोर्ट, सेकंदाला पाकिटं आणि एक मिनिटाचं नमुना कॅप्चर द्या. एवढं दिलं की फिल्टर लावायला त्यांना प्रश्न विचारत बसावं लागत नाही.

तुमच्या डोमेनच्या एनएस नोंदी (डोमेन कोणते सर्व्हर सांभाळतात ते) पॅरेंट झोनमध्येच (वरच्या पातळीवर, जसं डॉट कॉममध्ये) बदललेल्या दिसल्या, तर सर्व्हरवर हात लावू नका. रजिस्ट्रारकडचं (डोमेन नोंदवणाऱ्या कंपनीकडचं) तुमचं खातं बहुधा फुटलं आहे. रजिस्ट्रारच्या तातडीच्या क्रमांकावर फोन करा, आणि त्या काळात जारी झालेली सर्टिफिकेटं तपासून घ्या.

टनेलिंगची खात्री पटली तर मशीन बंद करू नका, फॉरमॅट तर मुळीच नको. नेटवर्क केबल काढा, वीज चालू ठेवा. मेमरीत असलेला पुरावा वीज गेली की जातो. घटना-प्रतिसादाचं काम करणाऱ्यांच्या हाती ते मशीन तसंच द्या, सोबत कॅप्चरच्या मूळ फाइली, त्यांचे एसएचए-२५६ हॅश आणि कॅप्चर घेणाऱ्या मशीनचं घड्याळ खऱ्या वेळेपासून किती सेकंद पुढे-मागे होतं त्याची नोंद.